ठिणग्यांची छत्री

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कॉलेजातला बी.एस्सी.चा एक विद्यार्थी मोबाईल पुढे करून म्हणाला, "सर, हे बघा." अंधारात सोनेरी ठिणग्यांची छत्री उघडलेली, आणि तिच्या मधोमध एक काळी आकृती. फोटो खटकचिंचोळीला, त्यांच्याच शेतात काढलेला. सुंदर होता, यात शंका नाही. पण माझी नजर कोपऱ्यावर खिळली. तिथे कडब्याची गंज होती.

माझ्या लहानपणी आमच्या शेजारची गंज अशीच एका ठिणगीने गेली. विहिरीतून घागरी काढेपर्यंत राख झाली, आणि त्या घरची जनावरे उन्हाळाभर दुसऱ्यांच्या दावणीला उभी राहिली.

हा प्रकार तसा सोपा. सुतार पॉलिशच्या आधी लाकूड घासायला वापरतात ती केसासारखी बारीक लोखंडी लोकर, म्हणजे स्टील वूल, तारेच्या फेटणीत भरायची, फेटणीला साखळी बांधायची, पेटवायची आणि गरगर फिरवायची. लोखंडाची सळई काडीने पेटत नाही, पण एवढ्या बारीक तारेला चहूबाजूंनी हवा लागते, म्हणून ती जळते. नऊ व्होल्टची बॅटरी टेकली तरी पेट घेते. दोन्ही एका पिशवीत ठेवू नका. कॅमेरा तिपाईवर, आयएसओ १००, एफ ८, झडप पंधरा-वीस सेकंद उघडी. फोकस आधीच टॉर्च लावून ठरवायचा. बस्स, एवढेच!

खरे काम जागा निवडण्याचे. २०१६ साली कॅलिफोर्नियात इन्व्हर्नेस येथे किनाऱ्याला लागलेली 'पॉइंट रेयस' ही जुनी नाव अशाच फोटोच्या नादात अर्धवट जळाली. पाण्याच्या काठावर असून! तेव्हा आपल्या ज्वारीच्या धसकटाची आणि वाळल्या उसाच्या पाचटाची काय कथा? बीदरच्या किल्ल्यासारख्या जुन्या वास्तूंत तर हा विचारही नको.

त्या मुलाला मी नाही म्हटले नाही. नाही म्हटले असते तर तो पुन्हा एकटाच गेला असता. आषाढात, चार दिवस पाऊस झाल्यावर, वारा पडलेला पाहून आम्ही गावाबाहेरच्या मुरमाड माळावर गेलो. अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट (टेरिलीन ठिणगीने वितळून कातडीला चिकटते), डोक्यावर टोपी, डोळ्यांवर वेल्डिंगवाल्यांचा पांढऱ्या काचेचा चष्मा, पायात बूट. पाण्याच्या दोन बादल्या, ओले पोते. बघणारी पोरे लांब, कॅमेराही लांब आणि भिंगापुढे साधी काच.

फोटो पाच-सहाच काढले. फिरवणे थांबल्यावर विझल्यासारखा दिसणारा गोळा बादलीत टाकला तर चर्र करून वाफ आली. तेवढ्यात बांधावर बसलेल्या त्याच्या आज्जीने हाक मारली, "बेंकी आरितेनो?"

आग विझली का रे, एवढेच तिला हवे होते. फोटो तिने पाहिलाही नाही. मग टॉर्च घेऊन आम्ही अर्धा तास माळ चाळला, आणि तिला "आरितव्वा" म्हणून सांगूनच घरी निघालो.