दिवा नाही, भिंत पाहा

ऑनलाइन दुकानात ‘हाताने बनवलेला काचेचा दिवा’ शोधून पाहा. बहुतेक फोटो एकाच घरात काढल्यासारखे वाटतात. पांढरी भिंत, राखाडी सोफा, मोठ्या पानांची कुंडी आणि वर टांगलेला निष्कलंक दिवा. काचेत ना बुडबुडा, ना लाट. फोटो देखणा असतो, पण त्याची किंमत कारागीर मोजतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

उत्तर प्रदेशातलं फिरोजाबाद आपल्याला बांगड्यांमुळे माहीत आहे. तिथे हंड्या-झुंबरंही बनतात. ताजमहालाच्या बचावासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली त्या परिसरातल्या कोळसा जाळणाऱ्या उद्योगांना नैसर्गिक वायूकडे वळायला सांगितलं. भट्टीचं इंधन बदललं, फुंकरीचं काम मात्र तेच राहिलं. लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेली काच घ्यायची, ती सतत फिरवत ठेवायची आणि बेताने फुंकायची. श्वास थोडा कमीजास्त झाला की काचेची जाडी बदलते. कुठे एखादा बुडबुडा अडकतो. ही हाताची सही आहे.

विक्रेता फोटोतून ती पुसून टाकतो. मग उरतो तो यंत्रावरचा दिवा, आणि गिऱ्हाईक भावही यंत्राचाच मागतं. खरा दिवा घरी आला की बुडबुडा पाहून ‘माल खराब’ म्हणून परत पाठवतं.

कंदील हा शब्द अरबी ‘किंदील’वरून आपल्याकडे आला. फोटो काढताना मात्र तो पेटवायचा असतो हेच आपण विसरतो. विझलेला दिवा फोटोत नुसतं भांडं दिसतो.

मगरीबनंतर, खिडकीत आकाश अजून निळसर असताना, दिवा लावा. ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर पिवळा आणि पांढरा उजेड मिसळून काचेचा रंग खोटा येतो. फ्लॅश नकोच, काचेवर नुसता पांढरा डाग पडतो. बल्ब कमी वॅटचा, पिवळसर घ्या. मोबाइलच्या पडद्यावर दिव्याच्या उजळ भागावर बोट ठेवा आणि प्रकाश खाली ओढा. अंगात गडद कपडे असले तर तुमचं प्रतिबिंब काचेत कमी दिसेल. आणि चौकटीत मागची भिंत भरपूर घ्या. असमान काचेतून गेलेला उजेड भिंतीवर पाण्यासारख्या लाटा काढतो. एकसारख्या जाडीच्या साच्यातल्या काचेला हे सहसा साधत नाही. माझ्या मते हाताच्या कामाचा सगळ्यात बोलका पुरावा दिव्यापेक्षा भिंतीवर असतो.

राहिला घराचा प्रश्न. ‘आमच्यासारखं घर दाखवलं तर घेणार कोण?’ असं विक्रेते म्हणतात. घर आवरा जरूर, पण स्टीलचा हंडा, भिंतीतला कोनाडा, खुर्चीवर वाचत बसलेली आजी चौकटीबाहेर का? आजीमुळे निदान दिवा केवढा आहे ते तरी कळतं. सोफ्याच्या फोटोत तेही कळत नाही, कारण पुष्कळदा तो दिवा त्या खोलीत कधी टांगलेलाच नसतो, संगणकावर चिकटवलेला असतो.

शेवटचा एक फोटो बुडबुड्याचा घ्या, अगदी जवळून. खाली लिहा : फुंकून बनवलेली काच, प्रत्येक नग वेगळा. भाव त्याच्या खाली.