प्रयोगशाळा ओस का पडल्या?

बारावीच्या परीक्षांचा हंगाम आला की गुण, टक्के आणि प्रवेश यांची चर्चा घरोघर सुरू होते. भौतिकशास्त्र या विषयाचे मात्र आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांत काय झाले आहे, याची चौकशी करण्याची कोणासच निकड वाटत नाही. ती आज आम्हांस करावयाची आहे.

राज्य मंडळाच्या परीक्षेत या विषयास लेखी ७० व प्रात्यक्षिकास ३० गुण आहेत. मांडणी योग्यच आहे. परंतु अभियांत्रिकीचा प्रवेश ठरतो तो सीईटीवर. तेथे भौतिक व रसायन मिळून १०० प्रश्नांना ९० मिनिटे; म्हणजे एका प्रश्नास ५४ सेकंद! मंडळाचे गुण केवळ पात्रतेपुरते, आणि खुल्या गटास त्यासाठी ४५ टक्के पुरतात. मग विद्यार्थ्याने मीटर-सेतूवर तासभर का घालवावा? तो खासगी वर्गात जातो. महाविद्यालयात त्याचे केवळ नाव असते. २०१८ साली शासनाने विज्ञान शाखेस बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. पण बोटाचा ठसा उमटला म्हणून बुद्धीवर विषयाचा ठसा उमटतोच असे नाही.

यात हानी कोणाची? तारेवर जॉकी सरकवीत गॅल्व्हनोमीटरचा काटा शून्यावर आणणाऱ्या मुलास जे कळते, ते सूत्र घोकणाऱ्यास कळत नाही. पदे अदलाबदल केली की उत्तर किंचित बदलते; ते का बदलले, याचा शोध घेणे हेच शास्त्र होय. मोजमापातील चूक ओळखणे ज्यास कधी शिकविले नाही, त्याच्या हाती उद्या पूल आणि वीजकेंद्रे सोपवावयाची आहेत, हे विसरून चालणार नाही. शिवाय वर्गाचे भरमसाट शुल्क ज्यांस परवडत नाही, अशा खेड्यांतील मुलांस महाविद्यालयाची प्रयोगशाळा हाच एकमेव आधार असतो. तीच ओस पडली तर त्यांनी जावे कोठे?

मंडळाच्या गुणांना प्रवेशात वजन द्यावे, असा उपाय सुचविला जातो. जेईई-मेनच्या क्रमवारीत २०१३ ते २०१६ या काळात बारावीस ४० टक्के वजन होते. २०१७ पासून ते गेले. प्रात्यक्षिकाचे गुण आज ज्या मुक्तहस्ते वाटले जातात, ते पाहता नुसते वजन वाढविल्याने खैरातीसच किंमत येईल. म्हणून आधी परीक्षा खरी झाली पाहिजे. परीक्षक परक्या महाविद्यालयातील असावा, प्रयोग ऐन वेळी चिठ्ठीने ठरावा, आणि प्रयोगशाळांची तपासणी पूर्वसूचनेवाचून व्हावी. एवढे साधल्यावर त्या ३० गुणांस प्रवेशात स्थान देण्यास कोणाची हरकत असू नये.

यास मोठा खर्च नको, निर्धार हवा. शासनाने तो येत्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभीच दाखवावा, आणि पालकांनीही केवळ टक्केवारीवर समाधान न मानता, आपल्या मुलाने वर्षभरात किती प्रयोग स्वतःच्या हातांनी केले, हे एकदा विचारावे.