विश्लेषण : पन्नाशीच्या आत गुडघा बदलायचा, तर आंशिक की पूर्ण?

पन्नाशी न गाठलेल्या रुग्णांनाही आता ‘आंशिक गुडघा प्रत्यारोपण’ सुचवले जाते. छोटी चीर, कमी रक्तस्राव, लवकर घरी, हे फायदे खरेच आहेत. पण कमी वयाच्या रुग्णाला हा गुडघा पुढची तीस-पस्तीस वर्षे वापरायचा असतो आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही.

आंशिक प्रत्यारोपण म्हणजे काय?

गुडघ्याच्या सांध्याचे तीन भाग असतात : आतला, बाहेरचा आणि वाटीमागचा. झीज एकाच भागात, बहुधा आतल्या बाजूला असेल, तर तेवढाच भाग धातू आणि पॉलिथिलीनने बदलतात. बाकीची कूर्चा आणि लिगामेंट शाबूत राहतात. त्यामुळे गुडघा अधिक नैसर्गिक वाटतो.

तरुणांना पूर्वी नकार का?

कोझिन आणि स्कॉट यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या निकषांत वय ६० पेक्षा जास्त आणि वजन ८२ किलोपेक्षा कमी, अशा अटी होत्या. पुढे इम्प्लांट आणि तंत्र सुधारले, तशा त्या सैल झाल्या.

आकडे काय सांगतात?

ब्रिटनमधील ५२८ रुग्णांवरील ‘टॉपकॅट’ चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. पाच वर्षांनंतर वेदना आणि हालचाल याबाबत दोन्ही शस्त्रक्रिया जवळपास सारख्या ठरल्या. आंशिकचा खर्च कमी होता. मात्र त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासानुसार २५ वर्षे टिकणाऱ्या पूर्ण गुडघ्यांचे प्रमाण सुमारे ८२ टक्के, तर आंशिकचे ७० टक्के आहे.

वयाचा फरक त्याहून मोठा आहे. २०१७ च्या ब्रिटिश अभ्यासात सत्तरीनंतर पूर्ण गुडघा बदललेल्यांना पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची आयुष्यभरातील शक्यता सुमारे ५ टक्के दिसली. पन्नाशीच्या सुरुवातीच्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत होती. तरुणांचे उरलेले आयुष्य जास्त, वापरही जास्त. आंशिकमध्ये न बदललेल्या भागाची झीज हेही एक कारण असते. शिवाय आंशिकचे पूर्ण प्रत्यारोपण करणे तुलनेने सोपे असल्याने डॉक्टर त्या निर्णयापर्यंत लवकर येतात, हेही आकडे वाचताना लक्षात घ्यावे.

मग निर्णय कसा घ्यावा?

तरुणांसाठी आंशिक प्रत्यारोपण वाईट नाही. ते कायमचा इलाज म्हणून विकणे चुकीचे आहे. रुग्णाने काही प्रश्न थेट विचारावेत. झीज खरोखर एकाच भागात आहे का? कूर्चा पूर्ण झिजली आहे का? झीज अर्धवट असताना केलेल्या शस्त्रक्रियेचे निकाल तितके चांगले नसतात. हाडाचा बाक सुधारणाऱ्या ऑस्टिओटॉमीने काही वर्षे निभावेल का? सर्जन वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करतात? सराव जास्त, तिथे पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ कमी येते.

भारतात २०१७ पासून गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा आहे. पण दुसऱ्या शस्त्रक्रियेत रुग्णालयाचे बिल आणि बुडालेला रोजगार पुन्हा सोसावा लागतो. म्हणून संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी त्या शक्यतेचा आकडा रुग्णाच्या वयानुसार, त्याला समजेल अशा भाषेत सांगणे डॉक्टरांवर बंधनकारक असायला हवे.