नदीला ताप चढतो तेव्हा

अमेरिकेतील मोंटाना राज्याने १९ ऑगस्ट २०१६ रोजी यलोस्टोन नदीचा सुमारे २९५ किलोमीटर लांबीचा पट्टा लोकांसाठी बंद केला. मासेमारी, नौकाविहार, पोहणे सगळेच थांबवण्यात आले. नदीत हजारो मासे मरून पडले होते. त्यांत बहुतेक ‘माउंटन व्हाइटफिश’ म्हणजे ट्राउटच्याच कुळातले होते. तपासणीत त्यांच्या मूत्रपिंडाला एका सूक्ष्म परजीवीची लागण झालेली आढळली. माणसाला त्याचा धोका नव्हता. पण होड्या आणि बुटांबरोबर हा रोग दुसऱ्या नद्यांत जाऊ नये आणि वाचलेल्या माशांना आणखी त्रास होऊ नये, म्हणून ऐन हंगामात हा निर्णय झाला. पर्यटकांना मासेमारीसाठी घेऊन जाणारे वाटाडे, होडीवाले, छोटे हॉटेलचालक या सगळ्यांच्या पोटावर त्याचा परिणाम झाला. पुढच्या महिन्यात नदी टप्प्याटप्प्याने खुली करण्यात आली.

परजीवी हे मृत्यूचे थेट कारण होते. पण त्या उन्हाळ्यात नदीची पातळी फार खाली गेली होती आणि पाणी नेहमीपेक्षा गरम होते. हा रोग पाणी १५ अंश सेल्सिअसच्या वर गेले की बळावतो. अशक्त रुग्णाला साधा संसर्गही जड जातो, तसेच इथे घडले.

सहा वर्षांनी हीच नदी उलट्या कारणाने बातम्यांत आली. जून २०२२ मध्ये डोंगरावरच्या बर्फावर जोरदार पाऊस कोसळला. पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी एकदमच खाली आले. कॉर्विन स्प्रिंग्ज येथील मापनकेंद्रावर नदीची पातळी सुमारे ४.२ मीटरपर्यंत चढली. १९१८ पासूनचा उच्चांक सुमारे ३.५ मीटरचा होता. रस्ते वाहून गेले, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान रिकामे करावे लागले.

एकाच नदीत कधी पाण्याअभावी मासे मरतात, कधी पाण्याच्या लोंढ्याने घरे वाहतात. ट्राउटच्या नदीचे आरोग्य वर्षभरात एकूण किती पाऊस पडला यावरून कळत नाही. ते पाणी कोणत्या ऋतूत, कोणत्या वाटेने आणि किती तापमानाला नदीत उतरले, हे पाहावे लागते.

ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा. दहा ते सोळा अंशांच्या दरम्यान तो चांगला खातो आणि वाढतो. पाणी वीस अंशांपुढे गेले की त्याला त्रास सुरू होतो आणि पंचविशीच्या आसपास ते प्राणघातक ठरते. आपण हात बुडवला तर वीस अंशांचे पाणी छान गार वाटेल. ट्राउटसाठी मात्र तो अंगातला ताप असतो. माशाला आपल्यासारखे शरीराचे तापमान राखता येत नाही. पाणी जितके तापेल, तितकाच तोही तापतो.

समुद्रसपाटीला दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. वीस अंशांना हा आकडा ९.१ वर येतो. दोन हजार मीटर उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने तो आणखी पाचव्या हिश्श्याने घटतो. दुसरीकडे, तापमान दहा अंशांनी वाढले की माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज ढोबळमानाने दुप्पट होते. म्हणजे आवक घटते आणि खर्च वाढतो. त्यातच गरम रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूला पूर्वीइतके घट्ट धरून ठेवू शकत नाही. कल्ल्यांतून प्राणवायू उचलणेही त्यामुळे अवघड होते.

सर्वांत मोठा भार हृदयावर येतो. ट्राउटच्या हृदयाच्या बाहेरच्या थराला कल्ल्यांतून आलेले ताजे रक्त मिळते. आतल्या थराला मात्र शरीरभर फिरून परत आलेल्या रक्तात जो काही प्राणवायू उरला असेल, त्यावर भागवावे लागते. गळाला लागलेला मासा जिवाच्या आकांताने झुंजतो, तेव्हा स्नायू तो प्राणवायू आधीच संपवतात. गरम पाण्यात अशी झुंज म्हणजे तापाने फणफणलेल्या रुग्णाला धावत चार जिने चढायला लावणे. ‘पकडा आणि सोडा’ पद्धतीने पकडलेला मासा पाण्यात परत सोडल्यावर पोहत निघून जातो आणि पकडणाऱ्याला समाधान वाटते. पण त्यातले काही मासे नंतर, कुणाच्या नजरेस न पडता मरतात. पाणी जितके गरम, तितके हे प्रमाण जास्त.

म्हणूनच मोंटानात ‘हूट आउल’ नावाचा नियम आहे. सलग तीन दिवस पाण्याचे तापमान सुमारे २३ अंशांवर पोहोचले, तर त्या पट्ट्यात दुपारी दोन ते मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद ठेवता येते. हूट आउल म्हणजे घुत्कार करणारे घुबड. वणव्याच्या दिवसांत लाकूडतोडे उन्हाआधी, घुबडांच्या वेळेला काम उरकत, त्यावरून हे नाव आले. नदी दुपारनंतर सर्वांत गरम असते आणि पहाटेच्या सुमारास सर्वांत थंड. नियम नेमका त्यावर बेतलेला आहे.

आता पावसाकडे वळू. हलका, भिजपाऊस ट्राउटला मानवतो. पाणी थोडे वाढते, गार होते, काठावरचे किडे आणि गांडुळे प्रवाहात येतात. किंचित गढूळ पाण्यात मासा निर्धास्त होऊन खायला बाहेर पडतो. मुसळधार पावसात चित्र पालटते. ट्राउट मुख्यतः नजरेने शिकार करतो. गाळाने पाणी चहासारखे झाले की त्याला काही दिसत नाही, शिवाय गाळाचे कण कल्ल्यांना इजा करतात. पूर ओसरून पाणी निवळू लागते, तेव्हा मासा पुन्हा भुकेने बाहेर येतो. जाणकार मासेमार याच वेळेची वाट पाहतात.

पाण्याची वाटही महत्त्वाची असते. जंगलात पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि महिन्यांनंतर झऱ्यांतून थंड होऊन नदीला मिळतो. उन्हाळ्यात नदीला तोच आधार असतो. तोच पाऊस तापलेल्या डांबरी रस्त्यांवर आणि सिमेंटवर पडला तर गरम होऊन, तेल आणि माती घेऊन काही मिनिटांत नदीत उतरतो. हिवाळ्यात बर्फ न पडता पाऊस पडला, तर ते पाणी लगेच वाहून जाते आणि उन्हाळ्यासाठी साठा उरत नाही.

राहिला काळ. आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्यांत शिरतात आणि अंडी घालतात. ब्राउन ट्राउटचे गणित वेगळे. तो थंडीच्या तोंडाशी वाळूखड्यांत खळगी करून अंडी घालतो. खड्यांमधून वाहणाऱ्या पाण्यातून त्या अंड्यांना प्राणवायू मिळतो. हिवाळ्यात मोठा पूर आला तर खळगीच वाहून जाते आणि बारीक गाळ साचला तर अंडी गुदमरतात. यलोस्टोनमधला मूळचा कटथ्रोट ट्राउट मात्र वसंतापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत अंडी घालतो. त्यामुळे जूनमधला पूर एका जातीच्या अंड्यांवर येतो आणि दुसरीची पिल्ले तोवर पोहू लागलेली असतात.

ट्राउट पाहायला अमेरिकेत जायची गरज नाही. कुलू-मनाली आणि तीर्थन खोऱ्यात जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या ताटात तो येतोच. ब्रिटिश काळात हिमाचल आणि काश्मीरच्या नद्यांत तो आणून सोडण्यात आला. पुढे नॉर्वेच्या सहकार्याने कुलूजवळच्या पतलीकुहल येथे त्याच्या शेतीला चालना मिळाली. तिथल्या नद्यांत मुख्यतः ब्राउन ट्राउट, तर टाक्यांमध्ये रेनबो ट्राउट असतो. वितळत्या बर्फामुळे उन्हाळ्यातही बियासचे पाणी थंड राहते, हे तिथले भाग्य. पण जुलै २०२३ मध्ये बियासला आलेल्या महापुरासारखी घटना घडली की नदीकाठच्या मत्स्यशेतीला पळायला जागा नसते. नदीतला मासा काठाच्या मंद पाण्यात आसरा शोधू शकतो. टाकीतल्या माशाला मात्र ओढ्यातून वळवून आणलेले पाणीच मिळते. त्यात गाळ शिरला किंवा पाटच फुटला, तर शेतकऱ्याचे वर्षभराचे उत्पन्न काही तासांत जाते.

हिमाचलमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात ट्राउट पकडायला बंदी असते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जून-जुलैमध्ये असते, तशीच ही कॅलेंडरवरची बंदी. प्रजननाला संरक्षण देण्यासाठी ती आवश्यकच आहे. मात्र मे-जूनमधली तापलेली दुपार किंवा अवेळी आलेला लोंढा कॅलेंडर पाहून येत नाही. हिवाळ्यातला बर्फ कमी होत गेला तर ही उणीव अधिक जाणवेल. तारखेच्या नियमाला तापमापकाची आणि पातळीच्या मोजमापाची जोड द्यावी लागेल. त्याला फार खर्च येत नाही. पाण्याचे तापमान नोंदवणारी छोटी यंत्रे महिनोन्‌महिने नदीत राहू शकतात. काठावरची झाडे राखणे आणि धरणाखाली पुरेसे पाणी सोडत राहणे, हे त्याहून मोठे उपचार आहेत.

हा धडा ट्राउटपुरता नाही. कोल्हापूरच्या पंचगंगेत पाणी कमी असताना मेलेल्या माशांचा खच दिसतो. तिथे सांडपाणी कुजवणारे जिवाणू प्राणवायू संपवतात, हे मुख्य कारण. पण कमी पाणी आणि वाढते तापमान तिथेही आगीत तेल ओततात.

ट्राउटच्या नदीवर गळ टाकणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. पाण्याचे तापमान मोजावे आणि ते वीस अंशांवर गेले की थांबावे. उन्हाळ्यात पहाटेची वेळ निवडावी. मासा लवकर काठाला आणावा, ओल्या हातांनी धरावा, फोटोसाठी पाण्याबाहेर ताटकळत ठेवू नये. आणि पाणी अचानक गढूळ झाले, पालापाचोळा वाहत येऊ लागला किंवा प्रवाहाचा आवाज बदलला, तर गळ सोडून तत्काळ उंचावर जावे. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. नदी मात्र तो आधी सांगते.