घरामागची शेड : आधी कागद आणि पाया, मग पत्रा

नारायणगाव, मंचर, ओतूर, आळेफाटा ही शेतमालाची गावे म्हणून ओळखली जातात. पण इथली शेती लोखंडाच्या आधारावर उभी आहे. ट्रॅक्टरची ट्रॉली, फवारणीचा पंप, कांदाचाळ, द्राक्षाचा मांडव, पॉलिहाऊस, यातले काहीही मोडले की शेतकरी आधी वेल्डरकडे धावतो. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत आपल्या समाजाचे कितीतरी तरुण याच कामावर पोट भरतात. हातात हुन्नर आहे, गिऱ्हाईक आहे; नाही ती स्वतःची जागा. गाळा भाड्याचा, करार अकरा महिन्यांचा आणि दर वेळी भाडे वाढवून मागणारा मालक! त्यात पुणे-नाशिक महामार्गाचे बाह्यवळण रस्ते झाल्यापासून बरीच वाहने गावाबाहेरून जातात. मग रस्त्याकडेच्या गाळ्याला पूर्वीइतके मोल का द्यावे? घरामागे मोकळी जागा असेल तर तिथेच पोलादी शेड का उभारू नये?

आमचे मत असे की जरूर उभारावी. मात्र ती जागेवर वेल्डिंग करून कायमची चिकटवलेली नसावी. सुटे भाग आधी तयार करून नट-बोल्टने जोडलेली असावी. त्याआधी तिचे कागद आणि पाया पक्के असावेत. आज बहुतेक ठिकाणी नेमके उलटे घडते. पत्रा आधी येतो, कागदांची आठवण नोटीस आल्यावर होते.

घराजवळ कारखाना ही जुन्नरला नवी गोष्ट नाही. जुन्नरी कागद एके काळी नावाजलेला होता आणि तो बनवणारे कागदी कारागीर मुसलमान होते. नट-बोल्टची इमारत हीही कालपरवाची युक्ती नव्हे. पहिल्या महायुद्धात १९१६ साली ब्रिटिश लष्करातील अधिकारी पीटर निसेन यांनी पत्र्याची अर्धगोल झोपडी तयार केली. सहा माणसे ती चार तासांत उभी करीत. छावणी हलली की झोपडीही सोबत हलत असे. आपल्यालाही नेमका हाच गुण हवा आहे.

कारण गावातली जागा क्वचितच एकट्याची असते. वडिलांच्या नावावरचे घर, त्यात तीन भाऊ, वाटणी अजून व्हायची. आज एका भावाने सगळी कमाई घालून वेल्डिंगची शेड बांधली आणि उद्या ती जागा दुसऱ्याच्या वाट्याला गेली, तर शेड गॅसकटरने कापून भंगाराच्या भावात विकावी लागते. भावाभावांत कटुता येते ती वेगळीच. नट-बोल्टची शेड असेल तर काँक्रीट तेवढे जागेत राहते. खांब, कैच्या, पर्लिन आणि बराचसा पत्रा दुसरीकडे नेता येतो. तरीही काम सुरू करण्यापूर्वी सर्व हिस्सेदारांची लेखी संमती घ्यावी. नाते सांभाळण्याचा तो सर्वात स्वस्त उपाय आहे.

काही जण म्हणतात, असली शेड मोठ्या कंपनीकडूनच घ्यावी लागते आणि ती परवडत नाही. हे खरे नाही. कांदाचाळ आणि पॉलिहाऊस करणारा तालुक्यातला फॅब्रिकेटर बेसप्लेट कापू शकतो, भोके पाडू शकतो, कैची दोन तुकड्यांत करून बोल्टने जोडू शकतो. फक्त एकदा स्ट्रक्चरल इंजिनियरकडून नकाशा करून घ्यावा. त्या फीमुळे पुढचे मोठे नुकसान टळते आणि बाकीचा पैसा तालुक्यातच राहतो.

आता पायाचे पाहू. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकून पुणे जिल्ह्यातून गेले, तेव्हा आपल्या तालुक्यांतही घरांचे पत्रे उडाले, पॉलिहाऊस आडवी झाली. वादळात पत्र्याचे छप्पर खाली बसण्यापेक्षा वर उचलले जाते, ही गोष्ट आपण विसरतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. या वेगाचा दाब दर चौरस मीटरला साधारण ९३ किलो भरतो. २० बाय ३० फुटांच्या शेडचे छप्पर सुमारे ५६ चौरस मीटर. ढोबळ हिशेबाने ५ टनांहून अधिक ओढ झाली. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन मात्र जेमतेम पाव टन! आठ खांब धरले तर प्रत्येक खांबावर साडेसहाशे किलोच्या आसपास ओढ येते. फूटभर रुंद, दीड फूट खोल खड्ड्यातले काँक्रीट फक्त शंभर किलोचे असते. तेच दोन बाय दोन फूट आणि तीन फूट खोल केले तर आठशे किलोंच्या वर जाते. फरक थोड्या सिमेंट-खडीचा, पण त्यावर शेड राहणार की उडणार हे ठरते. आकार, उंची आणि उघडी बाजू यांनुसार हा आकडा कमीजास्त होतो, म्हणून तर इंजिनियर हवा. काळ्या जमिनीत मुरूम लागेपर्यंत खणावे, कारण ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वादळाची चिन्हे दिसताच शटर बंद करावे. आत शिरलेला वारा छपराला खालूनही ढकलतो.

भाव ठरवतानाही सावध राहावे. नुसत्या चौरस फुटाच्या दरात पाइप पातळ करण्याचा मोह असतो, नुसत्या किलोच्या दरात वजन वाढवण्याचा. म्हणून दोन्ही लिहून घ्यावे : कोणता पाइप, किती मिलिमीटर जाड, एकूण वजन किती. पत्र्याची जाडी रंगासह की रंगाशिवाय, हेही विचारावे. माल उतरताना वजनकाट्याची पावती घ्यावी.

कागदांचे तीन भाग आहेत. पहिला, बांधकामाची परवानगी आणि मिळकतीचा उतारा. परवानगी कोणाकडून घ्यायची हे जागा गावठाणात आहे, शेतजमिनीत आहे की नगरपरिषदेच्या हद्दीत, यावर ठरते; ते लेखी विचारून घ्यावे. गावठाणातील घरांसाठी केंद्राने २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू केली. ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळाली असेल तर बँकेसमोर ठेवायला हातात काहीतरी असते. दुसरा, वीज. घराच्या मीटरवर धंद्याची वेल्डिंग मशीन चालवणे म्हणजे वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने वसुलीला निमंत्रण. वेगळी जोडणी घ्यावी. तिसरा, शेजारी. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. ग्राइंडर रात्री दहानंतर बंदच हवा, आपल्या पन्हाळीचे पाणी दुसऱ्याच्या भिंतीवर पडू नये आणि वेल्डिंगच्या बाजूला आडोसा असावा. शेजाऱ्याची एक तक्रार चालता धंदा बंद पाडू शकते.

पैशाविषयी एवढेच. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात २०२२ मध्ये उत्पादन उद्योगाची मर्यादा २५ लाखांवरून ५० लाख झाली. ग्रामीण भागातील अल्पसंख्याक अर्जदाराला ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचा हिस्सा फक्त ५ टक्के, अशी तिची रचना आहे. जागेची किंमत प्रकल्पात धरत नाहीत, शेडची धरता येते. म्हणजे घरची जागा असणाऱ्याला ही योजना सोयीची. योजनेची चालू मुदत जिल्हा उद्योग केंद्रात विचारून मगच अर्ज करावा.

तरुणांनी कामाचा क्रम असा ठेवावा : पावसाळ्यात कागद आणि नकाशा, दिवाळीनंतर पाया, हिवाळ्यात सांगाडा, आणि वळवाची वादळे सुरू होण्यापूर्वी पत्रा. घाईने मे महिन्यात शेड उभारणाऱ्याची परीक्षा जूनच्या पहिल्या वाऱ्यातच होते.