पाच मीटरांचे पथ्य

‘बोट लागू नये म्हणून गोळ्या द्या, डॉक्टर,’ असे म्हणत एक निवृत्त दांपत्य परवा दवाखान्यात आले. दक्षिण अटलांटिकमधील साउथ जॉर्जिया बेटाच्या सफरीस ते निघाले आहेत. काचबिंदू व प्रोस्टेटची चौकशी करून गोळ्या दिल्या आणि एक पथ्यही सांगितले.

त्या बेटावर सेंट अँड्र्यूज उपसागराच्या किनारी लाखाहून अधिक किंग पेंग्विन असतात. त्यांना माणसाचे भय नसते. ते आपणहून जवळ येतात. अशा वेळी हात पुढे करण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि किमान पाच मीटर अंतर राखावे. फर सीलपासून त्याहूनही अधिक, कारण विणीच्या हंगामात नर चाल करून येतात.

सीलच्या चाव्याने बोट सुजते, सांधा आखडतो. कारण असते मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू. त्याला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिन निष्प्रभ ठरते. टेट्रासायक्लीन गटातील औषध लागते. जवळचे रुग्णालय फॉकलंड बेटांवर, म्हणजे जहाजाने सुमारे दोन दिवसांच्या अंतरावर.

हे पथ्य केवळ आपल्यासाठी नाही. २०२३ मध्ये बर्ड फ्लू या बेटावर पोहोचला आणि असंख्य पक्षी व सील दगावले. बुटांच्या तळव्यांतूनही संसर्ग एका किनाऱ्याहून दुसऱ्या किनाऱ्यावर जाऊ शकतो. म्हणून बूट धुण्याचा कंटाळा करू नये, जमिनीवर बसू नये.

बोट लागण्याची काळजी घेतलीत, तशीच हाताच्या बोटांचीही घ्या.