नोकरी लागली, फाईल मात्र ठाण्यात

परीक्षा झाली, मेडिकल झालं, निवड यादीत नाव आलं. मग रुजू का नाही झाला पोरगा? तर 'सत्यापन' यायचंय. देवास, धार, इंदूरकडच्या मराठी घरांत हा शब्द हिंदीतूनच बोलला जातो. इकडे धुळे-नंदुरबारला आपण चारित्र्य पडताळणी म्हणतो. (जात पडताळणी वेगळी, ती महाराष्ट्रातली दुसरीच डोकेदुखी.) अर्थ एकच: या माणसाला सरकारी कामावर घ्यायला हरकत नाही, असं पोलिसांनी लिहून द्यायचं. ते लिहून येईपर्यंत घर थांबलेलं असतं.

देवासला तर याचं कारण गावातच उभं आहे. तिथली बँक नोट प्रेस १९७४ पासूनची. देशात नोटा छापणारे सरकारी कारखाने चार: नाशिक, देवास, म्हैसूर आणि सालबोनी. त्यातले नाशिक आणि देवास हे दोन एकाच केंद्रीय महामंडळाखाली येतात. भिंतीच्या आत नोटा, दारावर सीआयएसएफ. अशा ठिकाणी कामगार घेताना त्याची मागची माहिती काढणं गैर नाही, त्यावर कुणी वादही घालत नाही.

पण ही चौकशी नेमकं काय पकडते, हेही बघायला हवं. जानेवारी २०१८ मध्ये याच प्रेसमधला एक अधिकारी बुटात नोटा लपवून नेताना सीआयएसएफच्या हाती लागला. त्याच्याकडून सुमारे ९० लाखांच्या नोटा मिळाल्याच्या बातम्या तेव्हा देशभर झळकल्या. हा माणूस नवखा उमेदवार नव्हता, आतला अधिकारी होता. नोकरीत शिरतानाची पडताळणी मागचं सांगते, पुढचं सांगत नाही. म्हणून ती करूच नये असं नाही. मात्र 'सुरक्षेचा प्रश्न आहे, वेळ लागणारच' हे उत्तर जरा तपासून घ्यावं लागतं, कारण वेळ बहुतेकदा सुरक्षेमुळे लागत नाही, टपालामुळे लागतो.

केंद्राच्या अटेस्टेशन फॉर्ममध्ये गेल्या पाच वर्षांत जिथे जिथे सलग वर्षभराहून जास्त राहिलात, तो प्रत्येक पत्ता लिहावा लागतो. आता एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. घर देवासला, डिप्लोमा इंदूरला, त्यानंतर दीड वर्ष चाकणच्या कंपनीत, आणि मधल्या काळात आजी आजारी म्हणून शिरपूरला. आपल्या भागात हे अगदी नेहमीचं. आग्रा-मुंबई रस्ता आहे, तिकडून इकडे माणसं येतात-जातात. पण याच्या कागदावर चार जिल्हे आणि दोन राज्यं येतात. तीन ठिकाणांहून 'काही नाही' असं आलं तरी चौथा अहवाल येईपर्यंत फाईल बंद होत नाही. जन्मभर एकाच गावात राहिलेल्याचं काम एका ठाण्यात होतं. सीमेवरच्या माणसाला सगळ्यात सुस्त ठाण्याच्या चालीनं चालावं लागतं.

सीसीटीएनएस नावाची यंत्रणा २००९ मध्ये मंजूर झाली, देशभरची ठाणी एका जाळ्यात आणायला. मग बटण दाबून कळत नाही का? गुन्ह्याची नोंद कळते. पण माणूस खरंच त्या पत्त्यावर राहत होता का, हे शेवटी बीटवरच्या शिपायानं जाऊन विचारायचं असतं. चाकणची खोली सोडून वर्ष झालेलं, घरमालक म्हणतो, बरीच पोरं राहून गेली, कोण आठवतंय! शेरा पडतो: 'पत्त्यावर आढळून आला नाही'. आणि फाईल परत.

दुसरी अडचण नावाची. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन शब्द. मध्य प्रदेशच्या कागदांवर बरेचदा मधलं नाव गळतं. पवार कुठे पंवार होतो, कुठे पुआर. देवासचं राजघराणंच पवारांचं, एका गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं सुखेनैव नांदली, तिथे एका माणसाची दोन स्पेलिंगं नांदायला काय हरकत? हरकत बाबूला असते. दहावीची मार्कशीट, आधार आणि फॉर्म यांत एका अक्षराचा फरक पडला की खुलासा मागणारं पत्र निघतं, आणि त्या पत्राला जायला-यायला पुन्हा महिना.

कायदा काय म्हणतो? केंद्राच्या कार्मिक विभागानं २०१६ मध्येच मार्ग दाखवला होता: उमेदवाराकडून स्वयंघोषणा घ्या, तात्पुरती नियुक्ती द्या, पडताळणी मागून होऊ द्या. खोटं निघालं तर काढून टाका. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे पश्चिम बंगालचं एक प्रकरण आलं. डोळ्यांच्या तपासणीत मदत करणारा आरोग्य कर्मचारी, नोकरीला लागला १९८५ मध्ये. त्याचा पोलीस अहवाल आला २०१० मध्ये, निवृत्तीला दोन महिने उरले असताना. नागरिकत्वाचा मुद्दा काढून त्याला बडतर्फ केलं. पंचवीस वर्षं! कोर्टानं ती बडतर्फी रद्द केली आणि सगळ्या राज्यांच्या पोलिसांना सांगितलं, नियमात दिलेल्या मुदतीत, आणि काहीही झालं तरी नियुक्तीच्या तारखेपासून सहा महिन्यांत पडताळणी उरका.

निकाल चांगलाच आहे. पण 'नियुक्तीच्या तारखेपासून' हे शब्द नीट वाचा. ज्याला तात्पुरती नियुक्ती मिळाली, त्याचं घड्याळ चालू झालं. ज्याला आधी अहवाल आणि मग नियुक्ती असं सांगून घरी बसवलंय, त्याचं घड्याळ सुरूच होत नाही. खरी रखडपट्टी त्याचीच असते. पगार नाही, ज्येष्ठता नाही, जुनी नोकरी सोडलेली. आमच्या मते मुदत मोजायची तर फॉर्म स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजली पाहिजे.

आता धारकडचा एक मुद्दा, जो फारसा कुणी सांगत नाही. फॉर्म विचारतो की तुम्हाला कधी अटक झाली का, खटला चालला का, आणि कधी 'बाउंड डाउन' केलं का. म्हणजे शांतता राखण्याच्या हमीवर सही घेतली का. जुन्या संहितेचं १०७ कलम, नव्यातलं १२६. वसंत पंचमी शुक्रवारी आली की धार शहराला छावणीचं रूप येतं, २००६, २०१३, २०१६ आठवा. बंदोबस्ताच्या, निवडणुकीच्या दिवसांत अशा प्रतिबंधात्मक कारवाया सगळीकडेच होतात. तहसील कार्यालयात एक सही करून आलेला विशीतला मुलगा ती विसरून जातो. कागद विसरत नाही. त्यानं 'नाही' वर खूण केली की प्रश्न कारवाईचा उरत नाही, लपवल्याचा होतो.

अवतार सिंग प्रकरणात, २०१६ मध्ये, सुप्रीम कोर्टानं यावर बराच खल केला. क्षुल्लक गोष्ट लपवली असेल तर मालकानं माफ करावी का, याचा विचार व्हावा, असं म्हटलं. त्याआधी २०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या एका उमेदवाराबाबत तरुणपणीची चूक पदरात घ्यावी अशी भूमिका घेतली होती. पण मध्य प्रदेशातल्याच एका उमेदवाराला २०१८ मध्ये, त्यानं खटला स्वतःहून सांगितला होता आणि तो तडजोडीत मिटला होता तरी, नाकारणं कोर्टानं योग्य ठरवलं. म्हणजे खरं सांगितल्यानं नोकरीची खात्री मिळत नाही. लपवलं तर मात्र बाजू मांडायला फार थोडी जागा उरते.

थांबलेल्यांनी करायचं काय? हातातली नोकरी सोडू नका, निवड यादीच्या भरवशावर गाडीचं कर्ज काढू नका. फॉर्म देण्याआधी ठाण्यात किंवा वकिलाकडून जुन्या सह्यांची चौकशी करून घ्या, केस असेल तर निकालाची नक्कल काढून ठेवा. जुन्या घरमालकाला फोन करून सांगा, पोलीस येतील म्हणून. भाडेकरार, पगाराच्या स्लिपा जपा. शिपायाला चहा पाजा, पाकीट देऊ नका. एकदा दिलं की पुढच्या जिल्ह्यातही द्यावं लागतं. एसपी कार्यालयात आवक क्रमांक विचारा. त्याशिवायची चौकशी म्हणजे हवेत हात मारणं. तो मिळत नसेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका. अहवालात काय लिहिलंय ते कदाचित देणार नाहीत, पण पत्र कोणत्या तारखेला आलं आणि कुणाच्या टेबलावर आहे एवढं विचारा. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे, आणि फाईल बरेचदा उत्तराच्या आधीच हलते. मध्य प्रदेशात १८१ ही सीएम हेल्पलाईनही आहे. मात्र तुमचा अडकलेला कागद महाराष्ट्रातल्या ठाण्यात असेल तर तिथे तक्रार करून उपयोग नाही, ती तुम्हाला इकडेच करावी लागेल.

आणि ज्यांचे फॉर्म येत्या काळात जाणार आहेत त्यांनी एक हिशेब मांडून ठेवावा. २०२७ मध्ये नाशिकला कुंभमेळा आहे, २०२८ च्या उन्हाळ्यात उज्जैनला सिंहस्थ. देवास उज्जैनला खेटून आहे. माळव्यातली आणि उत्तर महाराष्ट्रातली ठाणी तेव्हा बंदोबस्तात गुंतणार. दोन्ही राज्यांत पत्ते असलेल्यांनी कागद त्याआधीच पुढे सरकवलेले बरे.